हिरड्या, पायरिया आणि जबड्याचं हाड: पुण्यातल्या रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

हिरड्यांच्या आजारांवर पुण्यात काम करताना जे प्रश्न रोज कानावर येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो लोक विचारतात त्याच शब्दांत ठेवले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान मधुमेह, मिश्री आणि हाडांच्या इंजेक्शनांबद्दलचे प्रश्न वाचा. तिथल्या चुका सहसा भरून निघत नाहीत.

ब्रश करताना रक्त येतं, पण दुखत काहीच नाही. तरी दाखवायला हवं का?

हो, आणि दुखायची वाट पाहू नका. दाढ किडली की रात्रभर ठणका लागतो आणि माणूस सकाळी दवाखान्यात हजर होतो. हिरड्यांच्या आजारात तसं होत नाही. बहुतेकांना तो शेवटपर्यंत दुखत नाही. हाड आतल्या आत झिजत राहतं आणि बाहेर दिसणारी खूण म्हणजे थुंकीतला लालसर रंग. रक्त दिसलं की बरेच जण त्या जागी ब्रश फिरवणं बंद करतात. तिथे जंतूंचा थर साचलेला असतो म्हणूनच रक्त येतं, त्यामुळे उलट ती जागा मऊ ब्रशने जास्त लक्ष देऊन साफ करायला हवी. तसं करूनही आठ-दहा दिवसांत रक्त थांबलं नाही, तर तपासून घ्या.

हिरड्या सुजणं आणि पायरिया हे एकच का?

नाही. दोन्हींमधली सीमा म्हणजे हाड. सूज फक्त हिरडीपुरती असेल तर ती पूर्ण बरी होते. 1965 साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या काही जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. सूज कशाने येते आणि कशाने जाते, दोन्ही त्यातून स्पष्ट झालं.

ही सूज वर्षानुवर्षं तशीच राहिली की काही लोकांमध्ये ती खाली हाडाच्या दिशेने पसरते. हिरडी दातापासून सुटते, मध्ये कप्पा तयार होतो, ज्याला आम्ही पॉकेट म्हणतो. त्या कप्प्यात ब्रश पोचत नाही. आतल्या जंतूंशी लढताना शरीराची जी दाहक प्रतिक्रिया होते, तिच्यातच दाताभोवतालचं हाड विरघळायला लागतं. हा पायरिया. तोंडाला वास येणं, दातांत नव्याने फटी पडणं, दात लांब दिसायला लागणं, पेरू किंवा ऊस खाताना दात हलल्यासारखा वाटणं ही त्याची पुढची लक्षणं.

गेलेलं हाड परत येतं का?

आपोआप येत नाही. उपचाराने आजार थांबवता येतो आणि उरलेलं हाड टिकवता येतं. हे ऐकून अनेकांचा चेहरा पडतो, पण उरलेलं हाड टिकणं ही मोठी गोष्ट आहे. मुळाच्या निम्म्या उंचीपर्यंतच हाड उरलेले दात नीट काळजी घेतल्यावर वर्षानुवर्षं काम देतात.

काही ठिकाणी हाड पुन्हा तयारही करता येतं. दाताच्या एका बाजूला खोल, अरुंद खड्डा पडला असेल आणि त्याच्या बाकीच्या भिंती शाबूत असतील, तर शस्त्रक्रिया करून तिथे हाडाचं भरण आणि वर पातळ पडदा घालतात. अशा खड्ड्यात हाड धरण्याची शक्यता चांगली असते. हाड सगळीकडून सारखंच खाली गेलं असेल तर मात्र ते पूर्वीच्या उंचीवर आणण्याची खात्रीची पद्धत नाही. तशी खात्री कुणी देत असेल, तर एक्स-रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

पेरिओडॉन्टिस्ट म्हणजे कोण? आमचे नेहमीचे डेंटिस्ट पुरत नाहीत का?

बऱ्याचदा पुरतात. हिरड्यांची साधी सूज आणि सुरुवातीचा पायरिया ते उत्तम सांभाळतात. बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस पेरिओडॉन्टोलॉजी विषयात केलेले डॉक्टर म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट. हिरड्या, दाताला धरणारं हाड आणि इम्प्लांट (गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ) हे त्यांचं क्षेत्र. दात हलायला लागले असतील, एकदा उपचार होऊनही कप्पे खोलच राहिले असतील किंवा वय तिशीच्या आत असून हाड झिजलं असेल, तर तज्ज्ञांकडे जावं. कुठल्याही डॉक्टरांचा महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नका.

पहिल्या तपासणीत काय करतात? एक्स-रे लागतोच का?

मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट, बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच घालून खोली मोजतात. 1 ते 3 मिलिमीटर म्हणजे ठीक. 4 पासून पुढे कप्पा समजायचा, 6 आणि त्याहून जास्त असेल तर गांभीर्याने घ्यायचं. हे आकडे लिहून ठेवलेच पाहिजेत, कारण उपचाराचा उपयोग झाला की नाही हे पुढच्या वेळी त्यावरूनच कळतं. मोजणी न करता कुणी थेट ‘तुम्हाला पायरिया आहे, शस्त्रक्रिया करू’ म्हणालं, तर मोजणीचा तक्ता मागा.

हाड डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून एक्स-रे हवाच. संपूर्ण जबड्यासाठी ओपीजी, एकेका दातासाठी छोटा एक्स-रे. सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन मुख्यतः इम्प्लांटच्या किंवा गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेच्या आधी लागतो, सगळ्यांना नाही.

कागदावर ‘स्टेज 3, ग्रेड सी’ लिहिलंय. कॅन्सरसारखं काही आहे का?

अजिबात नाही. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या तज्ज्ञ संघटनांनी 2017 मध्ये एकत्र बसून ही वर्गवारी ठरवली. स्टेज म्हणजे आतापर्यंत किती नुकसान झालंय, 1 ते 4. ग्रेड म्हणजे आजार किती वेगाने पुढे जातोय, ए ते सी. दिवसाला 10 किंवा जास्त सिगरेटी किंवा 7 टक्के किंवा त्याहून जास्त एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) असेल, तर ग्रेड आपोआप सीकडे सरकते.

क्लीनिंग केलं की दात सैल होतात, फटी पडतात असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

या एका गैरसमजापायी आपल्याकडे किती दात गेले असतील! म्हणून जरा सविस्तर.

दातांवरचा मऊ थर काढला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच कडक होतो. हे किटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते जास्त साचतं, कारण लाळग्रंथींची तोंडं तिथे उघडतात. वर्षानुवर्षं साचलं की ते दातांच्या मधल्या फटी भरून टाकतं आणि दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं. खाली हाड झिजत असतं, तरी दात घट्ट वाटतात. ते किटण काढलं की आधीच पडलेली फट मोकळी होते, सूज उतरून हिरडी खाली बसते, गार पाणी लागलं की कळ येते आणि दात थोडे हलताहेत हे पहिल्यांदा जाणवतं. पेशंटला वाटतं, मशीनने दात ढिले केले. गणपतीच्या मांडवाचा खांब बुडाची माती उकरली गेली तरी दोऱ्यांच्या आधाराने उभा असतो, आणि दोऱ्या सोडल्यावरच तो हलतोय हे कळतं. इथेही तेच होतं.

गार-गरमची कळ बहुतेकांची दोन-चार आठवड्यांत कमी होते. हलणारे दातही सूज गेल्यावर पुष्कळदा थोडे घट्ट होतात. क्लीनिंगच्या मशीनचं टोक सूक्ष्म कंपनांनी किटण सोडवतं, नीट वापरलं तर दाताचं आवरण खरवडत नाही. फटी पडतील म्हणून किटण तसंच ठेवणाऱ्यांचे दात पुढे आपणहून पडतात, आणि मग ‘आमच्याकडे सगळ्यांचेच दात पन्नाशीत पडतात’ असं म्हटलं जातं.

डीप क्लीनिंग आणि फ्लॅप शस्त्रक्रिया यात फरक काय? किती दिवस सुट्टी लागेल?

डीप क्लीनिंगमध्ये भूल देऊन हिरडीखालचं, मुळांवरचं किटण काढतात. बहुधा दोन ते चार भेटी लागतात. त्यानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी होते. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं. ही दुसरी मोजणी होण्याआधी शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायची घाई सहसा करू नये.

कप्पे तरीही 6 मिलिमीटर किंवा जास्त राहिले, तर हिरडी अलगद बाजूला करून मुळं डोळ्यांनी बघून साफ करतात आणि टाके घालतात. ही फ्लॅप शस्त्रक्रिया. भूल फक्त त्या भागाला देतात, ॲडमिट व्हावं लागत नाही. टाके साधारण आठवडा-दहा दिवसांनी काढतात. संगणकासमोर बसून काम करणारे बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी कामावर जातात. दोन-तीन दिवस मऊ भात, खिचडी, ताक असं खावं आणि त्या बाजूने चावू नये.

लेझरने टाके न घालता होतं म्हणतात?

लेझर काही ठिकाणी मदतीला येतो, पण नीट केलेल्या डीप क्लीनिंगपेक्षा तो एकटा सरस ठरल्याचा भक्कम पुरावा नाही. फक्त लेझर आहे म्हणून दवाखाना निवडू नका.

मेडिकलमधून गोळ्या घेतल्या की सूज उतरते. तेवढ्यावर भागवलं तर?

चार दिवस बरं वाटेल. जंतू चिकट थरात आणि किटणात दडलेले असतात, तिथे गोळीचा असर पुरेसा पोचत नाही. थर जागेवरून काढल्याशिवाय अँटिबायोटिकचा उपयोग टिकत नाही, आणि पुन्हा पुन्हा घेतलं तर पुढे खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध लागू पडणार नाही.

मला मधुमेह आहे. याचा हिरड्यांशी काय संबंध?

दोन्ही बाजूंनी संबंध आहे. साखर ताब्यात नसली की पायरिया लवकर होतो, लवकर वाढतो आणि जखम भरायला वेळ लागतो. उलट बाजूने, हिरड्यांतल्या जुनाट दाहामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि साखर चढती राहते. पायरियावर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए1सी सरासरी 0.4 टक्क्यांच्या आसपास खाली येतं, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. आकडा लहान वाटेल, पण मधुमेहाचे डॉक्टर त्याला कमी लेखत नाहीत. म्हणून डोळे आणि पाय जसे वर्षातून एकदा तपासता तशा हिरड्याही तपासून घ्या. गोळ्या आणि जेवण यांत काहीच बदल नसताना साखर वाढत असेल, तर तोंडात काय चाललंय हे एकदा बघायला हवं.

आजी लहानपणापासून मिश्री लावते. तिच्या हिरड्यांतून कधी रक्त आलं नाही. मग सोडायला कशाला सांगायचं?

कारण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती हिरडीवर चोळली की निकोटीन थेट आत जातं, रक्तवाहिन्या आकसतात आणि आजार असूनही रक्त येत नाही. सिगरेट, बिडी ओढणाऱ्यांचंही तसंच. वरून कोरडी, घट्ट दिसणारी हिरडी आणि खाली निम्मं झिजलेलं हाड, असं चित्र आम्ही फार वेळा पाहतो. मिश्री जिथे रोज लागते तिथली हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात. कॅन्सरचा धोका वेगळाच.

एक विनंती. घरातल्या बाईला यावरून टाकून बोलू नका. अनेकींना मिश्री आईने किंवा सासूने दात दुखतात म्हणून लावायला शिकवली, आणि नंतर तिच्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं दुखतं. ते व्यसन आहे, हट्ट नाही. दिवसातून किती वेळा लावतात ते विचारा, एकेक वेळ कमी करत आणा, डॉक्टरांना सांगून निकोटीनच्या गोळ्यांची मदत घ्या. सोडल्यावर काही दिवस हिरड्यांतून रक्त येऊ लागेल. ‘बघा, सोडली आणि त्रास सुरू झाला’ असं वाटून पुष्कळ जणी तिथेच परत वळतात. रक्तपुरवठा पूर्ववत झाल्याने लपलेली सूज आता दिसू लागलेली असते, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

गुटखा आणि सुपारी खाणाऱ्यांचं तोंड नीट उघडत नसेल, तिखट सहन होत नसेल, तर आधी ते दाखवा. हिरड्यांचं नंतर बघता येईल.

आईचे दात लवकर पडले. माझेही पडतील का?

कल वारशाने येतो, निकाल नाही. श्रीलंकेतल्या चहामळ्यांवर काम करणाऱ्या, कधीच दंतोपचार न मिळालेल्या मजुरांची 1970 पासून पंधरा वर्षं तपासणी झाली. सगळ्यांच्या तोंडात किटण होतं. तरी साधारण 8 टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला आणि 11 टक्क्यांच्या आसपास लोकांचा हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. घरात कुणाचे दात लवकर गेले असतील तर तुम्ही पंचविशीतच एकदा मोजणी करून घ्या.

दात हलतोच आहे, तर काढून इम्प्लांट बसवला की कटकट मिटेल ना?

मिटणार नाही. इम्प्लांट किडत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीचं हाड झिजू शकतं, आणि पायरियाने दात गेलेल्या माणसात तो धोका जास्त असतो. शिवाय इम्प्लांटभोवतीचा आजार आटोक्यात आणणं नैसर्गिक दातापेक्षा अवघड. पायरियावर उपचार न करता इम्प्लांट बसवणं मी चुकीचं मानते, मग समोरचा कितीही घाईत असो. लग्न तोंडावर आलंय, मुलगा अमेरिकेतून दोनच आठवड्यांसाठी आलाय, ही कारणं समजतात, पण हाड त्या वेळापत्रकाने भरत नाही.

थोडा हलणारा दात उपचारानंतर शेजारच्या दातांना बारीक तारेने किंवा फायबरने बांधून टिकवता येतो. वर-खाली हलणारा, भोवती हाडच न उरलेला दात मात्र काढावाच लागतो.

दात काढून बरीच वर्षं झाली. आता म्हणतात इम्प्लांटला हाड नाही.

दात गेला की त्याला धरणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते आकसतं. पहिल्या वर्षात त्याची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, त्यातला मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांतला. म्हणून पुढे इम्प्लांटचा विचार असेल तर दात काढण्याआधीच तसं सांगा. त्याच वेळी खड्ड्यात भरण घालून आकसणं कमी करता येतं. वरच्या दाढांच्या जागी सायनसची पोकळी खाली येते, तिथे ती उचलून हाड घालावं लागतं आणि पुढे काही महिने थांबावं लागतं. इम्प्लांट हा एकमेव रस्ताही नाही. ब्रिज आणि कवळी आजही अनेकांसाठी योग्य असतात.

आईला हाडं ठिसूळ झाली म्हणून इंजेक्शन चालू आहे. दाढ काढायची आहे. काढू का?

थांबा, आधी डॉक्टरांना त्या औषधाचं नाव सांगा. आठवड्याची अलेन्ड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा सलाईनमधून दिलं जाणारं झोलेड्रोनिक ॲसिड, सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब ही औषधं हाडाची झीज थांबवतात. त्यामुळे क्वचित दात काढल्यानंतर जबड्याची जखम भरतच नाही आणि हाड उघडं पडतं. ते आठ आठवड्यांहून अधिक काळ उघडं राहिलं तर तो वेगळा आजार समजतात.

घाबरायचं किती? हाडं ठिसूळ झाली म्हणून औषध घेणाऱ्यांमध्ये हा धोका फार कमी असतो, आणि मांडीचं हाड मोडण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका. डेनोसुमॅबचा डोस चुकवला तर मणक्याची हाडं दबून मोडू शकतात. दात काढायची वेळ दोन डोसांच्या मध्ये कुठे बसवायची हे दातांच्या आणि औषध देणाऱ्या अशा दोन्ही डॉक्टरांनी बोलून ठरवावं. कॅन्सर हाडांत पसरल्यामुळे हीच औषधं जास्त मात्रेत, दर महिन्याला घेणाऱ्यांमध्ये धोका खूपच वाढतो. तिथे दात काढणं शक्यतो टाळून रूट कॅनलने भागवतात.

औषध सुरू व्हायचं असेल तर आधीच दातांची तपासणी करून घ्या. तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घ्यायचं असेल तरी तेच. वाचण्यासारखे नसलेले दात रेडिएशनच्या दोन-तीन आठवडे आधी काढून जखम भरू द्यावी लागते. नंतर काढले तर हाड कुजण्याची भीती असते.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. क्लीनिंगआधी बंद करू?

स्वतःच्या मनाने मुळीच नाही. बहुतेक वेळा बंद कराव्याच लागत नाहीत. तसंच रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांच्या हिरड्या कधीकधी वाढून दातांवर येतात. तेही सांगा, औषध बदलता येतं का ते तुमचे फिजिशियन पाहतील.

गरोदरपणात क्लीनिंग चालतं का?

चालतं. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा. या काळात हार्मोन्समुळे हिरड्या जास्त सुजतात, म्हणून टाळू नका.

करोनानंतर काळी बुरशी ऐकली होती. तो धोका अजून आहे का?

2021 सारखी लाट आता नाही, पण आजार नाहीसा झालेला नाही. साखर खूप वाढलेल्या माणसात वरच्या जबड्यातले तीन-चार दात अचानक एकदम हलायला लागले, गाल सुजला किंवा बधिर झाला, टाळूवर काळा डाग दिसला, एका नाकपुडीतून काळसर स्राव आला, तर ते पायरियाचं लक्षण समजून घरी थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. पायरियाला वर्षं लागतात, ही बुरशी दिवसांत पसरते.

घरी नेमकं काय करायचं?

मऊ ब्रश, हिरडीच्या कडेशी तिरका धरून, छोट्या हालचाली, दोन वेळा, दोन मिनिटं. रात्रीचं घासणं चुकवू नका. पायरिया झालेल्यांना एवढं पुरत नाही, दातांच्या मधे जायला बारीक इंटरडेंटल ब्रश हवा. कुठल्या फटीत कुठला आकार जातो हे दवाखान्यात दाखवून घ्या. टूथपेस्ट कुठली, यापेक्षा हे शंभरपट महत्त्वाचं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो, किटण निघत नाही. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी आणि भरड मंजन बंद. क्लोरहेक्सिडिनचं गुळण्यांचं औषध सांगितलं असेल तर सांगितलेले दिवसच वापरा, जास्त वापरल्याने दातांवर तपकिरी डाग पडतात.

खर्च झेपणारा नाही. पुण्यात कुठे जावं?

दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयात. धनकवडीला भारती विद्यापीठ, वडगावला सिंहगड, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला, पिंपरीला डॉ. डी. वाय. पाटील. शेवटच्यासाठी मेट्रोचं संत तुकाराम नगर स्थानक जवळ पडतं. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा आणि पेरिओडॉन्टिक्स विभाग विचारा. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, चार फेऱ्या होतात, पण मोजणी काळजीपूर्वक होते आणि पैसे बरेच कमी लागतात.

उपचार संपल्यावर पुन्हा कधी यायचं?

पहिली काही वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, नंतर हिरड्या पाहून अंतर वाढवता येतं. कप्प्यातले जंतू साफसफाईनंतर हळूहळू परत जमतात, म्हणून हे अंतर. महागडी शस्त्रक्रिया करून नंतर दोन वर्षं न फिरकणारा रुग्ण आणि साधं डीप क्लीनिंग करून वेळेवर येणारा रुग्ण यांत दुसऱ्याचे दात जास्त टिकतात.

पहिल्यांदा येताना काय आणू?

जुने एक्स-रे, चालू औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप्स, असेल तर एचबीए1सीचा रिपोर्ट. उपाशी येऊ नका. चतुर्थीचा किंवा एकादशीचा उपास असेल आणि मधुमेह असेल तर दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. ओपीजी काढताना कानातलं, नथ, मंगळसूत्र आणि कवळी काढून ठेवावी लागते, म्हणून एक छोटी पिशवी सोबत असू द्या.